वांगणी आणि जेऊर

सोलापूरहून मुंबईस आगगाडीने जाऊ लागले म्हणजे वाटेत दोन लहान स्थानके लागतात. कुर्डुवाडी सोडल्यावर करमाळा तालुक्यातील जेऊर, आणि घाट उतरून कर्जत मागे टाकल्यावर वांगणी. प्रवाशाने खिडकीतून मान बाहेर काढावी असे दोहोंतही काही नाही. तरी हाती पैसा नसता चित्रपट काढण्याच्या आपल्याकडील इतिहासाची ही दोन टोके आहेत असे आम्ही समजतो.

वांगणीस दादासाहेब फाळके यांची मंडळी 1912 साली ‘राजा हरिश्चंद्रा’च्या चित्रणासाठी उतरली होती. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून उभा केलेला तो उद्योग. कलावंत व कामगार अशा साठसत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई फाळके करीत, शिवाय फितीस भोके पाडण्याचे कामही त्यांच्याकडेच होते. ढालीतलवारी घेतलेली माणसे गावात शिरलेली पाहून ग्रामस्थांस दरोडेखोर आल्याची शंका आली. पाटलाने वर्दी दिली, फौजदार आले, आणि सारी मंडळी अडकून पडली. मागाहून फाळके पोहोचले. त्यांनी कॅमेरा उघडून दाखविला, फीत न घालता चित्रणाचे सोंगही करून दाखविले, तेव्हा सुटका झाली. ही हकीकत आपण हसत हसत सांगतो. पण गावास आधी कळविले असते तर ती घडलीच नसती.

दुसऱ्या प्रसंगास मात्र हसू येत नाही. रोहिदासाची भूमिका करणारा फाळक्यांचा लहान मुलगा भालचंद्र खेळता खेळता दगडावर पडला. डोक्यातून रक्त वाहू लागले, शुद्ध हरपली. जवळच्या औषधांनी उपचार झाले, तरी तो शुद्धीवर येईना. मुंबईस नेऊन मूल बरे झाल्यावर पुढचे पाहावे, असा मंडळींचा सल्ला पडला. परंतु रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग घ्यावयाचा राहिला होता, वेळ दवडणे परवडणारे नव्हते; आणि फाळक्यांनी बेशुद्ध मुलालाच ठेवून तो प्रसंग घेतला! चरित्रग्रंथांत हे धैर्याचे उदाहरण म्हणून येते. आम्हीही पुष्कळ दिवस ते तसेच वाचले. आता तसे वाचवत नाही. फाळक्यांची थोरवी याने उणी होत नाही. पण धैर्य बापाचे आणि जखम मुलाची, हा हिशेब कोठे तरी मांडलाच पाहिजे. भांडवल नसले म्हणजे शरीर गहाण पडते. तेही बहुधा नकार देऊ न शकणाऱ्याचे. पुढे 1957 साली ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये बैलाशी झुंज घेताना व्ही. शांताराम यांच्या डोळ्यांस इजा झाली. परंतु ती जोखीम त्यांनी स्वतः पत्करली होती.

आता जेऊरकडे. नागराज मंजुळे हे या गावचे. त्या वेळच्या अहमदनगरात महाविद्यालयीन शिक्षण घेत असता त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ लागलेल्या एका दरिद्री मुलाची ती कथा; 2010 सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत तिचा, आणि तीतील बालकलाकाराचाही, गौरव झाला. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यातील पुष्कळ मुलांस आपणही चित्रपट करावा असे वाटू लागले आहे, आणि त्याचा आम्हांस आनंदच आहे.

मात्र एक गोष्ट बदलली आहे. फाळक्यांस फितीचा प्रत्येक फूट मोजावा लागे. एकच प्रसंग पुनःपुन्हा घेणे परवडत नसे. आज खिशातील फोनवर चित्रण फुकट होते. त्यामुळे विहिरीत उडी मारणाऱ्या मित्रास ‘आणखी एकदा’ म्हणावयास काहीच लागत नाही, आणि दहाव्या उडीच्या वेळी तो थकलेला आहे हे कोणाच्या ध्यानी येत नाही. वैशाखात चाळीस अंशांवर पारा, सकाळपासून पोटात फक्त चहा. दिव्यासाठी शेतातील तारेवर आकडा टाकलेला. कडब्याच्या गंजीपाशी मशाली. उजनीचे पाणी ओसरल्यावर वरून कोरडा दिसणारा, पण कमरेपर्यंत ओढणारा गाळ. इकडच्या मुलांस हे धोके ठाऊक नाहीत असे नाही. चित्रणाच्या दिवशी ते विसरले जातात.

आणि रेल्वेचा रूळ! दूरवर जाणाऱ्या दोन समांतर रेषांचा मोह कोणत्या नवशिक्या दिग्दर्शकास आवरला आहे? 1914 नव्हे, 2014 सालची गोष्ट. अमेरिकेतील जॉर्जिया प्रांतात एका अल्पखर्चाच्या चित्रपटाची मंडळी नदीवरील रेल्वेपुलावर गेली. रेल्वे कंपनीने परवानगी नाकारली होती. रुळांवर पलंग मांडला असता गाडी आली. कॅमेराविभागातील 27 वर्षांची एक मुलगी ठार झाली, इतर कित्येक जखमी झाले. दिग्दर्शकास तुरुंगवास घडला. ही अनुभवी, व्यवसायी माणसे होती. तेथे जाऊ नये असे मनात आले तरी, सारे जात असता एकट्याने मागे राहणे किती अवघड असते, हे वर्गमित्रांच्या टोळीस निराळे सांगावयास नको.

म्हणून चित्रपट करू इच्छिणाऱ्या मुलांस आम्ही इतकेच सुचवितो की, पोलीसपाटलास आदल्या दिवशी भेटावे, जवळचा दवाखाना कोठे आहे ते पाहून ठेवावे, जेवण वेळेवर द्यावे (सरस्वतीबाईंची आठवण असू द्यावी), आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार एकास आधीच देऊन टाकावा. त्याच्या हाती कॅमेरा नसावा, त्यास भूमिका नसावी. आणि शक्य तर तो दिग्दर्शकाचा जिवलग मित्रही नसावा.