जुनी ‘मारुती ८००’ : पासिंगच्या कसोटीला किती उतरते?

मारुती उद्योगाची ‘८००’ ही मोटार १८ जानेवारी २०१४ रोजी उत्पादनातून निवृत्त झाली. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला चावी देण्यात आली, तेव्हा तिची किंमत सुमारे ४७,५०० रुपये होती. मधल्या तीस वर्षांत २५ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. कारखाना थांबला तरी गाडी थांबलेली नाही. येडगाव, नारायणगाव, ओतूर, आळेफाटा या पट्ट्यात दुचाकी सोडून पहिल्यांदाच चारचाकी घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्यात आजही येते ती हीच मोटार. तिची खरेदी स्वस्त असते. मात्र ती कायदेशीररीत्या रस्त्यावर ठेवण्याचा खर्च स्वस्त राहिलेला नाही आणि अनेक व्यवहारांत नेमके याच ठिकाणी गणित चुकते.

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर गाडी परिवहन कार्यालयात तपासणीसाठी न्यावी लागते आणि ती योग्य ठरली तर नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. बोलीभाषेत यालाच ‘रि-पासिंग’ म्हणतात. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील गाड्या ‘एमएच १४’ मालिकेत, म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाकडे नोंदल्या जातात. शेवटच्या वर्षांत विकल्या गेलेल्या मोजक्या गाड्या वगळल्या, तर बाजारात दिसणारी जवळपास प्रत्येक ‘८००’ एकदा तरी या तपासणीतून गेलेली असली पाहिजे. तशी गेली नसेल, तर विक्रेता सांगतो ती किंमत निरर्थक आहे.

आपल्याकडे एक मोठी उणीव आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपुढील प्रत्येक मोटारीची दरवर्षी तपासणी होते व तिचे निकाल लोकांना पाहता येतात. जर्मनीत कोणते मॉडेल कोणत्या वयात किती प्रमाणात नापास होते, याचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध होतो. भारतात मॉडेलनिहाय निकालांचा असा तक्ता ग्राहकाच्या हाती येत नाही. त्यामुळे ‘८००’ भरवशाची आहे की नाही हे ठरवायचे, तर तिची रचना आणि तपासणीत पाहिले जाणारे मुद्दे समोरासमोर ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

इंजिन चांगले, पत्रा कच्चा

रचनेच्या बाबतीत ही गाडी साधेपणाचा नमुना आहे. तीन सिलिंडरचे ७९६ सीसी इंजिन, पुढच्या चाकांना ताकद, पुढे डिस्क व मागे ड्रम ब्रेक, १२ इंची चाके आणि जेमतेम साडेसहाशे किलोच्या आसपास वजन. २००० सालापर्यंत कार्ब्युरेटर होता. त्यानंतर इंधन फवारणीची, म्हणजे एमपीएफआय यंत्रणा आली. हेच इंजिन ओम्नी व्हॅनमध्येही असल्याने सुटे भाग मिळण्याची अडचण फारशी येत नाही आणि ते उघडून पुन्हा बसविणारा मेकॅनिक बहुतेक तालुक्याच्या गावी असतो. तेल व कूलंट वेळेवर बदलले असेल, तर इंजिन कुरकुर करत नाही. टायमिंग बेल्ट मात्र किलोमीटर कमी झाले म्हणून तसाच ठेवू नये. तो रबराचा असतो व वयानेही कुजतो.

तपासणीत गाडी अडते ती इंजिनामुळे क्वचितच. अडते ती पत्र्यामुळे. पायाखालची तळजमीन, दारांखालच्या पट्ट्या, डिकीतील स्टेपनीचा खळगा आणि बॅटरीखालचा ट्रे ही गंजाची हमखास ठिकाणे आहेत. धरण आणि कालव्यांचा हा भाग, त्यात ओल्या शेतरस्त्यांचा चिखल. तो खालच्या बाजूला साठून राहतो आणि पत्रा आतून खातो. वरून ‘लांबी’ भरून रंग मारला की महिनाभर काही कळत नाही. म्हणून गाडी पाहताना पायपुसणी उचलावीत, स्टेपनी बाहेर काढावी, जमल्यास गॅरेजमधील रॅम्पवर गाडी चढवून खालून पाहावी. चुंबक जिथे चिकटत नाही, तिथे पत्रा नाही.

याच गंजातून दुसरी, कायदेशीर अडचण निर्माण होते. तपासणीत निरीक्षक चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक कागदपत्रांशी पडताळून पाहतो. चासी क्रमांकाभोवतीचा पत्रा गंजून अक्षरे अस्पष्ट झाली असतील, तर प्रकरण अडकते. शिवाय इंजिन थकल्यावर ओम्नीचे किंवा भंगारातील दुसरे इंजिन बसविण्याची प्रथा जुनी आहे. गाडी उत्तम चालते, पण नोंदणी पुस्तकातील क्रमांक वेगळा असतो. इंजिन बदलाची नोंद कार्यालयात झालेली नसेल, तर असा व्यवहार दुरूनच नमस्कार करण्याजोगा आहे.

ब्रेकची तपासणी हा महाराष्ट्रात स्वतंत्र इतिहासाचा विषय आहे. प्रत्यक्ष चाचणी न घेताच योग्यता प्रमाणपत्रे दिली जातात, अशी तक्रार करणारी जनहित याचिका पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल केली होती. त्यावर न्यायालयाने ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचे पथ तयार करण्याचे आदेश दिले आणि पथ नसलेल्या कार्यालयांना २०१७ मध्ये प्रमाणपत्रे देण्यास मज्जाव केला. तो वाद मुख्यत्वे व्यावसायिक वाहनांचा होता. परंतु ‘गाडी न पाहता शिक्का’ या पद्धतीला त्यानंतर आळा बसू लागला. २०२१ च्या नियमांनी स्वयंचलित चाचणी केंद्रांची तरतूद केली. तेथे रोलरवर प्रत्येक चाकाचा ब्रेक मोजला जातो, दिव्यांचा झोत यंत्राने तपासला जातो आणि स्टिअरिंगच्या सांध्यांतील ढिलाई दिसून येते. नेमकी हीच ‘८००’ची दुखणी आहेत. मागच्या ड्रममधील व्हील सिलिंडर गळतात, हँडब्रेकची केबल अडकते, स्टिअरिंग रॅकचे बुश आणि टाय रॉडचे टोक सैल होते, हेडलाइटमागील चकाकी उडून उजेड पिवळसर पडतो. यांतील एकही काम महाग नाही. सगळी एकदम निघाली तर मात्र खिसा हलका होतो.

टायरच्या नक्षीची खोली मोटारीसाठी किमान १.६ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. वर्षभर दारात उभ्या राहिलेल्या गाडीची नक्षी शाबूत दिसते. तिच्या टायरच्या बाजूंना गेलेले तडे मात्र पाहायचे राहून जातात.

धुराच्या बाबतीत गाडीचे वय निर्णायक ठरते. भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल मोटारींना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे, तर त्यानंतरच्या गाड्यांना अर्धा टक्का. त्यामुळे कार्ब्युरेटरची जुनी गाडी पीयूसी सहज मिळवते आणि तिच्याहून स्वच्छ असलेली एमपीएफआय गाडी सेन्सर बिघडला की नापास होते, असा उलटा अनुभव येतो. ‘८००’ भारत स्टेज-४ ला उतरलीच नाही. त्यामुळे एप्रिल २०१० पासून पुण्यासह १३ शहरांत तिची विक्री बंद झाली व तिचे पीयूसी आजही सहा महिन्यांचेच असते. सध्या पंपांवर मिळणारे २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून ही गाडी बनलेली नाही. इंधनाच्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरचे गॅस्केट आणि पंपाचा पडदा बदलून घेणे त्यामुळे आवश्यक ठरते. कोठेही पेट्रोलचा वास आला, तर तो दुर्लक्षिण्याचा विषय नाही. गाडीला सीएनजी किट असेल, तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी जलदाब चाचणी झाली आहे का आणि किटची नोंद पुस्तकात आहे का, हे पाहावे.

फी किती?

१ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरील खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ती १०,००० रुपये करण्यात आली. नूतनीकरणास उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपयांचा भुर्दंड पडतो. त्याखेरीज राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नोंदणी पाटी आहेच. २००४ ची गाडी घेणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. कित्येकदा पासिंगचा व त्यासाठीच्या दुरुस्तीचा एकत्रित खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर जातो.

नूतनीकरण टाळून गाडी ‘गावातल्या गावात’ चालवणारे कमी नाहीत. पण अपघात गावाची वेस पाहून होत नाही. नोंदणीच वैध नसेल, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. मुदत संपलेल्या तात्पुरत्या नोंदणीवर चालविलेल्या गाडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये (नरिंदर सिंग विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स) दावा नाकारणे योग्य ठरवले होते.

पासिंग झाले म्हणजे गाडी सुरक्षित, असेही समजू नये. तपासणीत गाडी मूळ अवस्थेत आहे का एवढेच पाहिले जाते. मूळ अवस्था किती सुरक्षित होती, हा प्रश्न तेथे येत नाही. ‘८००’ला एअरबॅग नव्हत्या. तिची धाकटी वारसदार ‘अल्टो ८००’ जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’च्या धडक चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे घेऊन आली होती. पुणे-नाशिक महामार्गावर मालमोटारींच्या वेगाशी स्पर्धा करण्यासाठी किंवा पाच माणसे आणि सामान घेऊन माळशेज घाट उतरण्यासाठी ही गाडी नाही. येडगावहून नारायणगावला दवाखान्यात किंवा बाजाराला जाणे, मुलांना शाळेत सोडणे, हे तिचे खरे काम. ते ती आजही कमी खर्चात करते.

दिल्लीत १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडील गाड्या स्वस्तात विकायला येतात. महाराष्ट्रात वयाची तशी सरसकट बंदी नाही. तरी परराज्यातील गाडीसाठी तेथील ना-हरकत दाखला, येथील कर आणि फेरनोंदणी असे तिन्ही सोपस्कार करावे लागतात आणि ‘८००’सारख्या गाडीसाठी ते परवडत नाहीत. स्थानिक गाडी घेतली, तरी नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या त्याच दिवशी घ्याव्यात. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. पूर्वी कर्ज असल्यास बँकेचा बोजा उतरल्याची नोंद पुस्तकात झालेली आहे, याचीही खात्री पैसे देण्यापूर्वी करून घ्यावी.