मुथम्मांची फेटाळलेली याचिका

दरवर्षी ८ मार्चच्या भाषणाचे टिपण येलहंकाच्या घरी काढताना मला कोडगूच्या सी. बी. मुथम्मा आठवतात. १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या त्या पहिल्या महिला. १९७० मध्ये हंगेरीत राजदूत. भाषणांत एवढेच येते. मला मात्र तो सेवानियम खुपतो: महिला अधिकाऱ्याने विवाहापूर्वी लेखी परवानगी घ्यावी, संसार कामाच्या आड येतो असे सरकारला वाटल्यास राजीनामा द्यावा. (पुरुषांना जणू संसार नसतोच!) पदोन्नती नाकारल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकालाआधीच सरकारने घाईने पदोन्नती दिली; म्हणून १९७९ मध्ये याचिका फेटाळली गेली. नस्तीवर नोंद पराभवाचीच. परंतु त्याच निकालपत्रात न्या. कृष्ण अय्यर यांनी सर्व सेवानियमांतील स्त्री-पुरुष भेद काढून टाकण्याची निकड सरकारला बजावली.