मालदीवची कवडी, मराठवाड्याची माळ

नवरात्रात परडी घेऊन जोगवा मागायला मराठवाड्यातल्या आमच्या मुकुंदवाडीत दारी येणाऱ्या आराधिणीच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. तुळजाभवानीच्या भक्तीची ती खूण. समुद्र इथून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून लांब, तरी माळेतली एकेक कवडी म्हणजे एकेका समुद्री गोगलगायीचं घर!

कवडी उलटी करून पाहा. पोटाशी अरुंद फट आणि फटीच्या दोन्ही काठांना बारीक दात. ते चावण्यासाठी नाहीत. एवढ्या चिंचोळ्या दारातून खेकड्याला नांगी आत घालता येत नाही. लहानपणी हिचं कवच पातळ आणि पिळदार असतं. मोठी झाली की कवचाचा काठ आत वळतो, लांबी वाढायची थांबते, मग नुसती जाडी चढते. गोल, गुळगुळीत पाठीवर नांगीची पकडही नीट बसत नाही. हा गुळगुळीतपणा येतो कुठून? तिच्या अंगाचा मऊ पडदा दोन्ही बाजूंनी वर येतो, पाठ झाकतो आणि कवचावर चकाकीचे नवे थर चढवत राहतो. दिवसा ती खडकाच्या कपारीत दडते, रात्री शेवाळ खायला निघते.

टणक, हाताळून न झिजणारी, नक्कल करायला अवघड अशी ही वस्तू माणसाने नाणं म्हणून वापरली नसती तरच नवल. मोठा साठा मालदीवचा. तिथले लोक नारळाच्या झावळ्या पाण्यात टाकत आणि चिकटलेल्या कवड्यांसह बाहेर ओढत, असं दहाव्या शतकात अरब प्रवासी अल-मसूदीने लिहिलं. प्रवासी इब्न बतूता 1343 मध्ये तिथे पोहोचला, पुढे काझीही झाला. किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत कवड्या ठेवायच्या, मांस झडलं की पांढरं कवच उरतं, ही त्याची नोंद.

आपल्याकडे कवडी चलनात असल्याचा पुरावा तर गणिताच्या पुस्तकात आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) आरंभीच कोष्टक येतं: 20 कवड्यांची एक काकिणी, 4 काकिणींचा पण, 16 पणांचा द्रम्म. म्हणजे एका द्रम्माला 1280 कवड्या. याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण्यात मठ काढला. तिथला 1207 चा शिलालेख तसं सांगतो.

बंगालात हे चलन फार काळ टिकलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटचा कंपनी सरकारचा महसूल कवड्यांतच गोळा होई. रुपयाला पाच हजारांवर कवड्या! त्या साठवायला कोठारं लागत आणि ढाक्याला न्यायला होड्या.