समुद्राचा रंग आणि समुद्राचे अन्न

१८६५ सालच्या एप्रिल महिन्यात पोपच्या आरमाराचे एक जहाज इटलीच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या समुद्रात उभे होते. जहाजावर फादर अँजेलो सेक्की हे जेझुइट धर्मगुरू होते. ते रोममधील वेधशाळेचे संचालक असून सूर्य व तारे यांचा अभ्यास हा त्यांचा नित्याचा व्यवसाय. परंतु त्या दिवसांत त्यांची दृष्टी आकाशाकडे नव्हती. आरमाराचे अधिकारी चाल्दी यांच्या विनंतीवरून ते समुद्राच्या पाण्याची पारदर्शकता मोजीत होते. साधन अगदी साधे होते. दोरीला बांधलेली एक पांढरी तबकडी पाण्यात सोडावयाची, ती दिसेनाशी होताच दोरी किती उतरली ते टिपावयाचे. पाणी जितके निर्मळ, तितकी तबकडी खोलवर दिसे. ही ‘सेक्कीची तबकडी’ आजही जगभर वापरली जाते.

तबकडी दृष्टीआड का होते, या प्रश्नातूनच पुढील शंभर-दीडशे वर्षांचा इतिहास घडला. समुद्राच्या पाण्यात असंख्य सूक्ष्म कण तरंगत असतात. त्यांत नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती असतात, जंतू असतात, मृत जिवांचे अवशेष असतात. हे कण काही प्रकाश शोषून घेतात व काही इतस्ततः विखुरतात. लहान मासळीपासून देवमाशापर्यंत बहुतेक साऱ्या जलचरांचे अन्न अखेर याच सूक्ष्म वनस्पतींवर अवलंबून असते. त्या अन्नाचा कस ठरविणारे द्रव्य म्हणजे नत्र. कारण नत्रावाचून प्रथिन नाही आणि प्रथिनावाचून जीव नाही. हवेत सुमारे ७८ टक्के नत्रवायू असला तरी बहुतेक वनस्पतींना तो जसाच्या तसा वापरता येत नाही. म्हणून उष्ण कटिबंधातील विस्तीर्ण समुद्रात ऊन भरपूर असूनही नत्राचे दुर्भिक्ष असते. अशा ठिकाणी एक हजार लिटर पाण्यातील सर्व कणांत मिळून अवघे काही मिलिग्रॅम नत्र सापडते.

इतके अल्प द्रव्य मोजावे कसे? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील रसायनज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ साली सेंद्रिय पदार्थांतील नत्र मोजण्याची आपली प्रसिद्ध रीत जाहीर केली. पुढे समुद्राच्या अभ्यासकांनी पाणी काचतंतूंच्या बारीक गाळणीतून गाळून, गाळणीवर राहिलेले कण भट्टीत जाळून त्यांतील नत्र मोजण्याची पद्धत स्वीकारली. ही रीत विश्वसनीय आहे, पण तिची दृष्टी एका बाटलीपुरती. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला. त्यात कितीशी जहाजे फिरवावीत आणि किती बाटल्या भराव्यात?

मार्ग दाखविला तो प्रकाशानेच. १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन विलायतेस गेले असता भूमध्य समुद्राच्या गर्द निळाईने त्यांचे चित्त वेधले. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. परतीच्या प्रवासात रामन यांनी ‘नारकुंडा’ या आगबोटीवर निकोलच्या लोलकातून पाण्याकडे पाहिले. योग्य कोन साधताच आकाशाचे प्रतिबिंब लोलकाने वगळले गेले. तरी समुद्र निळाच राहिला, किंबहुना अधिक निळा दिसला. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, हा निष्कर्ष त्यांनी एका पत्रात लिहिला. ते पत्र २६ सप्टेंबर १९२१ रोजी बोट मुंबई बंदरात असताना लिहिलेले आहे. पाणी तांबडा प्रकाश शोषते, हेही या निळाईचे मोठे कारण आहे. तात्पर्य हे की, पाण्यातून वर येणारा प्रकाश पाण्याच्या अंतरंगाची वार्ता घेऊन येतो.

ती वार्ता वाचण्यास रसायनशास्त्राचीही जोड लागली. अमेरिकन शास्त्रज्ञ आल्फ्रेड रेडफील्ड यांनी १९३४ साली दाखविले की, समुद्रातील सूक्ष्म जीवांच्या देहात कर्ब, नत्र व स्फुरद यांचे प्रमाण बरेचसे ठराविक असते. पुढे १०६ : १६ : १ हे अणुप्रमाण रूढ झाले. मग १९७० साली जॉर्ज क्लार्क व त्यांचे सहकारी यांनी विमानातून समुद्राचे रंग मोजून पाण्यातील हरितद्रव्याचा अंदाज बांधता येतो असे दाखविले. हरितद्रव्य निळा प्रकाश शोषते. म्हणून सूक्ष्म वनस्पती वाढल्या की निळे पाणी हिरवट होते. १९७८ च्या ऑक्टोबरात ‘निंबस-७’ या उपग्रहावरून असे मापन अंतराळातून सुरू झाले. भारताचा ‘ओशनसॅट-१’ २६ मे १९९९ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाला, तोही समुद्राचा रंग पाहणारे यंत्र घेऊनच.

नत्राला स्वतःचा असा रंग नाही. तथापि हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूत नत्राचे चार अणू असतात व पेशीत ते प्रथिनांशी जखडलेले असते. म्हणून कणांनी शोषलेला व मागे परतविलेला प्रकाश यांचा त्यांतील नत्राशी निकटचा संबंध आढळतो. प्रथम कर्ब काढून त्यावरून रेडफील्डच्या प्रमाणाने नत्र काढावे, तर घोटाळा होतो. कारण नत्राची टंचाई पडली की पेशी चरबी व पिष्टद्रव्य साठवितात आणि कर्ब वाढतो. यास्तव अलीकडे निराळा मार्ग धरला गेला आहे. जहाजावरून अनेक ठिकाणचे पाणी घेऊन त्याचे प्रकाशीय गुण मोजावयाचे, त्याच पाण्यातील कण जाळून नत्र मोजावयाचे, आणि दोहोंमधील संबंध निश्चित करून तो उपग्रहाच्या नोंदींना लावावयाचा. यंत्रे घेऊन खोल बुडणारे व पुन्हा वर येणारे स्वयंचलित तरंगकही आता याच कामी येतात. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला ‘पेस’ उपग्रह तर रंगांच्या अतिसूक्ष्म छटा वेगळ्या करतो.

या रीतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. उपग्रहाकडे पोहोचणाऱ्या प्रकाशापैकी बहुतांश, सुमारे नव्वद टक्के, हवेतूनच आलेला असतो. तो वजा केल्यावर उरते ते समुद्राचे. पावसाळ्यात ढग अरबी समुद्र झाकून टाकतात. मांडवी-झुआरीच्या मुखाशी तांबडी माती मिसळली की तीही प्रकाश विखुरते, आणि मातीला अन्न समजण्याची चूक होऊ शकते. म्हणून किनाऱ्याजवळ बाटलीची साक्ष काढल्यावाचून गत्यंतर नसते.

अरबी समुद्राच्या बाबतीत हा हिशेब विशेष महत्त्वाचा आहे. त्याच्या मध्यम खोलीवर प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथील जंतू पाण्यातील नत्रसंयुगांचे वायूत रूपांतर करतात आणि समुद्राची शिदोरी हवेत जाते. वरून खाली पडणारे कण हेच त्या जंतूंचे अन्न. १९६६ साली स्थापन झालेल्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने या घडामोडींचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. हैदराबादच्या समुद्र माहिती केंद्राकडून कोळी बांधवांना मासळीच्या संभाव्य जागा कळविल्या जातात, त्यांतही समुद्राच्या रंगाचा आधार असतो. पाण्यावरचे कण घटले की जाळ्यातील मासळीही घटण्याचा संभव असतो.

सेक्कींची तबकडी पाण्याच्या आत उतरत होती, आजचा डोळा शेकडो कोस उंचीवरून पाहतो. तरीही त्या उंच डोळ्याने सांगितलेला आकडा खरा की खोटा, हे ठरविण्यासाठी कोणा अभ्यासकाला अजून हलत्या बोटीवर उभे राहून बाटलीभर पाणी गाळावेच लागते.