छेडा, हृदय विपुल

छेडा, हृदय विपुल : ड्रेसाज या अश्वक्रीडेतील भारतीय घोडेस्वार. राहणार मुंबई. हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ रोजी सांघिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय चमूचे सदस्य. ड्रेसाजमध्ये भारताच्या नावावर तोवर १९८६ च्या सेऊल स्पर्धेतले कांस्य होते, आणि घोडेस्वारीतले सुवर्ण तर १९८२ च्या दिल्लीनंतर आलेच नव्हते. या खेळात ६० बाय २० मीटरच्या रिंगणात ठरलेल्या हालचाली करायच्या असतात आणि प्रत्येक हालचालीला पंच शून्य ते दहा गुण देतात. दौडता दौडता घोड्याने पुढचा पाय बदलायचा, जवळजवळ जागच्या जागी गिरकी घ्यायची. पण त्यासाठी स्वाराने मांडीने दिलेला दाब किंवा लगामावरची बोटांची हालचाल पाहणाऱ्याच्या लक्षातही येता कामा नये.

छेडा यांच्या नावावर वैयक्तिक पदक नाही, म्हणून सहकारी अनुष अगरवाला यांच्या तुलनेत त्यांचा उल्लेख ओझरता होतो. हे योग्य नाही. संघासाठी चौघांपैकी तिघांचे सर्वोत्तम गुण धरले गेले : अगरवाला ७१.०८८, छेडा ६९.९४१, दिव्यकृती सिंह ६८.१७६, एकूण २०९.२०५. छेडांऐवजी सुदीप्ती हजेला यांचे ६६.७०६ धरले, तरी २०५.९७० होतात आणि चीनच्या २०४.८८२ पेक्षा ते जास्तच भरतात. म्हणजे त्यांच्यावाचूनही सुवर्ण आले असते, हा आक्षेप हिशेबात बरोबर आहे. मात्र तेव्हा आघाडी सव्वाचार गुणांवरून जेमतेम एकावर आली असती, आणि एखादा पायबदल चुकला तरी ती धोक्यात येते. शिवाय दुसऱ्या दिवशीच्या वैयक्तिक पात्रता फेरीत एमराल्ड या घोड्यावर ७३.८८३ गुण घेऊन छेडा पहिले आले. अगरवाला तेव्हा त्यांच्या मागे होते. संगीताच्या साथीने होणाऱ्या अंतिम फेरीत मात्र एमराल्डच्या पायावर रक्त दिसले आणि छेडा बाद झाले, अगरवालांनी ७३.०३० गुणांवर कांस्य घेतले. जनावराच्या रक्षणासाठी असलेला हा नियम कठोर आहे आणि तसाच असावा. पण त्याने बाद होणे हा स्वाराच्या कौशल्यावरचा निकाल नव्हे. कौशल्याचे मोजमाप आदल्या दिवशी झाले होते.

युरोपातला सराव आणि महागडे घोडे यांच्या जोरावरचे हे यश आहे, असेही म्हटले जाते. खर्च प्रचंड आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मान्यताप्राप्त अश्वरोगमुक्त क्षेत्र नसल्याने भारतातला घोडा परदेशी स्पर्धेला नेणे अतिशय अवघड होते, त्यामुळे जिथे घोडा, तिथे स्वाराला राहावे लागले. पैशाने घोडा मिळतो; त्याने पाठीवरच्या माणसाचे ऐकावे यासाठी रोजचा सरावच लागतो. मेरठ छावणीतील लष्करी अश्वकेंद्राला रोगमुक्ततेची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती २०२५ मध्ये, हांगझोऊनंतर दोन वर्षांनी.