अंतराळपटमालिकांतील हास्य आणि करुण : रसविरोधाच्या दृष्टीने एक विचार

परस्परविरोधी रस एका प्रबंधात आणावयाचे झाल्यास काय करावे, याचा विचार आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या तृतीय उद्द्योतात केला आहे. विरोध एकाच आश्रयामुळे उद्भवत असेल तर आश्रय भिन्न ठेवावेत. सलगतेमुळे उद्भवत असेल तर दोहोंच्या मध्ये तिसरा रस घालावा, असे त्याचे सांगणे आहे. ‘नागानंदा’त शांत आणि शृंगार एकत्र नांदतात ते मध्ये अद्भुत आहे म्हणून, असे अभिनवगुप्ताचे विवरण आहे. हास्य आणि करुण यांचाही विरोधच होय. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त तो स्पष्ट नोंदविला आहे. हे सारे विवेचन काव्यनाटकांचे. परंतु 1977 पासून अमेरिकेत निघत आलेल्या अंतराळपटांच्या मालिकांना ते लावून पाहिले, तर त्या मालिकांचा इतिहास बराच उलगडतो असे मला दिसून आले. या पटांतील विनोदाला समीक्षक सामान्यतः ‘विरंगुळा’ म्हणून बाजूस सारतात. ते मला मान्य नाही.

अमेरिकेकडे वळण्यापूर्वी आपल्याच गावाकडे पाहणे उपयुक्त ठरेल. आकाशगमन हा आपल्या चित्रपटाचा जन्मापासूनचा विषय आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘लंकादहन’ (1917) मध्ये हनुमंताला पडद्यावर उडविले. त्यांचा अखेरचा आणि बोलका चित्रपट ‘गंगावतरण’ (1937) कोल्हापूर सिनेटोनसाठी निघाला. स्वर्गातून पृथ्वीवर येणारी नदी हा त्याचा विषय, म्हणजे अद्भुताचेच क्षेत्र. याच संस्थेत मास्टर विनायकांनी 1935 मध्ये ‘विलासी ईश्वर’ दिग्दर्शित केला होता. पुढे हंस पिक्चर्समधून त्यांनी वि. स. खांडेकरांच्या कथेवर ‘छाया’ (1936) हा करुण चित्रपट आणि आचार्य अत्र्यांच्या लेखणीतून उतरलेला ‘ब्रह्मचारी’ (1938) हा विनोदी चित्रपट दिला. अर्थात अद्भुत, करुण आणि हास्य हे तिन्ही रस चार वर्षांच्या आत एकाच मंडळींच्या वर्तुळात सिद्ध झाले, पण निरनिराळ्या चित्रपटांत. आश्रय भिन्न ठेवण्याचा याहून कडक प्रकार सापडणे कठीण!

‘स्टार वॉर्स’ (1977) मध्ये जॉर्ज ल्यूकस यांनी आश्रयभेद पाळला, मात्र एकाच पटात. ल्यूक या तरुणाचे चुलता-चुलती जळून मरतात. तो शोक त्याचा. हसू येते ते दोन यंत्रमानवांमुळे. या जोडीची कल्पना अकिरा कुरोसावा यांच्या ‘हिडन फोर्ट्रेस’ (1958) मधील दोन कुरकुऱ्या शेतकऱ्यांवरून घेतल्याचे ल्यूकस यांनी सांगितले आहे. राजकन्येची आणि सेनापतीची कथा सर्वांत खालच्या पात्रांच्या डोळ्यांनी सांगावयाची, ही ती युक्ती. आपल्याला ती विदूषकामुळे परिचित आहे. ‘मृच्छकटिका’त मैत्रेयाच्या काखेतून दागिने पडतात आणि चारुदत्ताचा वधदंड ठरतो, जेथे प्रेक्षक हसत होता तेथूनच अनर्थ निघतो. ल्यूकस यांचे यंत्रमानव इतके पुढे जात नाहीत. अखेरीस एक यंत्र जायबंदी झाल्यावर दुसरे आपले सुटे भाग देऊ करते, तेव्हा क्षणभर हास्याच्या आश्रयात शोक शिरतो, एवढेच.

या जोडीची भाषाही लक्षणीय आहे. संस्कृत नाटकातील विदूषक ब्राह्मण असून प्राकृत बोलतो, आणि या विसंगतीतच हसू असते. येथे एक यंत्र दरबारी, अतिशिष्ट इंग्रजी बोलते आणि दुसरे, आर-टू-डी-टू, केवळ शिट्ट्या घालते. त्याचे म्हणणे आपल्याला कळते ते सोबत्याच्या उत्तरांवरून. ‘भाण’ या रूपकप्रकारात नट एकटाच उभा राहून ‘काय म्हणतोस?’ असे विचारत न दिसणाऱ्या माणसाचे बोलणे स्वतःच उच्चारतो. त्या आकाशभाषिताचाच हा प्रकार आहे. 1980 च्या पटातील योडा याचा विनोद मात्र मराठीत उतरणे अवघड. कर्म वा पूरक आरंभी आणणारी त्याची वाक्यरचना इंग्रजी कानाला विचित्र लागते. मराठीत ‘बलवान झालास तू’ हे कोणीही म्हणेल. हसूच न आल्यामुळे, हा चेष्टेखोर बुटका प्रत्यक्षात गुरू आहे, हे कळण्याचा धक्काही अर्धाच बसतो.

खरा पालट जेम्स गन यांच्या ‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी’ (2014) मध्ये झाला. आरंभी रुग्णालयात पीटर नावाच्या लहान मुलाची आई मरते. तो बाहेर धावतो आणि आकाशातून आलेले यान त्याला उचलून नेते. पुढचे दृश्य सव्वीस वर्षांनंतरचे: एका ओसाड, वादळी ग्रहावर मुखवटा घातलेला कोणी उतरतो, कानांवर जुने ध्वनियंत्र चढवितो आणि नाचू लागतो. प्रेक्षक हसतो. करुण, मग अद्भुत, मग हास्य. अभिनवगुप्ताने दाखविलेली मांडणी ती हीच. येथे आश्रय मात्र एकच आहे. ज्या गीतांवर तो नाचतो ती आईने भरून दिलेल्या फितीतील आहेत. ज्याला आपण हसतो ते त्याच्या शोकाचे स्मृतिचिन्ह होय, आणि म्हणूनच हा विनोद विरंगुळा नव्हे.

याच पटात ग्रूट हे वृक्षरूप पात्र ‘मी ग्रूट आहे’ या एकाच वाक्यावर सर्व संभाषण चालविते. त्यावर पटभर हशा पिकतो. अखेरीस सोबत्यांना वाचविण्यासाठी तो आपल्या फांद्यांचे कवच त्यांच्याभोवती विणतो, आणि त्या वाक्यातील एकवचनाचे अनेकवचन होते. उचगावच्या घरी भाचीला हे मराठीत सांगताना मी ‘आम्ही ग्रूट आहोत’ असे म्हणालो. ‘आम्ही नाही मामा, आपण,’ तिने मला तेथेच अडविले. पदवी माझी, कान तिचा! इंग्रजीत हे दोन अर्थ एकाच सर्वनामात मावतात. ‘आम्ही’ म्हटले की मराठीत सोबती वगळले जातात आणि बलिदानाचा अर्थच जातो.

अद्भुत हा असा दुवा असेल तर मालिकांची अडचणही तेथेच आहे. न पाहिलेले पाहणे हा अद्भुताचा प्राण, आणि मालिकेला पाहिलेलेच पुन्हा दाखवावे लागते. टायका वायटीटी यांचा ‘थॉर: लव्ह अँड थंडर’ (2022) हा मार्व्हलच्या सलग कथाविश्वातील एकोणतिसावा पट. त्यात जेन फॉस्टर ही नायिका कर्करोगाच्या अंतिम अवस्थेत आहे, आणि त्याच कथेत किंचाळणाऱ्या बोकडांचा विनोद पुनःपुन्हा येतो. देवांची सुवर्णनगरी मध्ये आहे खरी. पण एवढ्या पटांनंतर तिने कोणाचे डोळे विस्फारतात? मधला रस झिजला की करुण आणि हास्य एकमेकांवर आदळतात. याच दिग्दर्शकाचा ‘रॅग्नरॉक’ (2017) मला आवडला होता, म्हणून ही निराशा अधिक.

गन यांनी तिसऱ्या ‘गार्डियन्स’ पटात (2023) वेगळी वाट काढली. आधीच्या पटांतील सर्वांत टवाळ पात्र रॉकेट. त्यालाच बहुतांश काळ बेशुद्ध ठेवून त्याच्या छळाचे बालपण पूर्वदृश्यांतून सांगितले, आणि वर्तमानातील थट्टा इतरांकडे सोपविली. अद्भुतावर विसंबणे सोडून ते आनंदवर्धनाच्या पहिल्या नियमाकडे परतले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. याच पटाच्या शेवटी ग्रूट प्रथमच निराळे वाक्य बोलतो, आपल्या सोबत्यांवरील प्रेमाचे, आणि पडद्यावर कोणालाही त्याचे आश्चर्य वाटत नाही. ग्रूट नेहमीप्रमाणेच बोलला असून आता त्याची भाषा प्रेक्षकाला कळू लागली आहे, असे स्पष्टीकरण गन यांनी दिले आहे.