ताण, पाळीकामातील

अखंड चालणाऱ्या कारखान्यांत, रुग्णालयांत, रेल्वेत किंवा पोलीस ठाण्यांत फिरत्या पाळ्यांनी काम करणाऱ्यांच्या शरीर-मनावर पडणारा भार आणि तो पेलण्यासाठी त्यांनी कळत-नकळत केलेल्या खटपटी, असा या विषयाचा आवाका आहे. ताणाविषयीचे बहुतेक सगळे सिद्धांत प्रयोगशाळेतून किंवा कचेरीतून आले. ते रात्री तीन वाजता, भट्टी धगधगत असताना कितपत टिकतात हे पाहायला वडोदरा शहरालगतचे कोयली हे गाव सोयीचे आहे. म्हणून ही नोंद तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्याच्या अनुषंगाने केली आहे.

इंडियन ऑइलची ‘गुजरात रिफायनरी’ सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभी राहिली. जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते १० मे १९६३ रोजी तिची पायाभरणी झाली आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये पहिले युनिट चालू झाले. अंकलेश्वर, कलोल परिसरातील कच्चे तेल शुद्ध करणे हा मूळ हेतू होता. सुरुवातीची क्षमता वर्षाला २० लाख टन होती, ती पुढे १ कोटी ३७ लाख टनांवर गेली. तेल तापवणाऱ्या भट्ट्या आणि ऊर्ध्वपातनाचे मनोरे संध्याकाळी कुलूप लावून घरी जाण्यासारखे नसतात. बंद पडलेले युनिट पूर्ववत करायला वेळ लागतो, आणि अशा उद्योगात बंद-चालू करण्याचा काळच जास्त जोखमीचा मानला जातो. त्यामुळे पाळ्या अटळ. रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही, आणि तो आलाच नाही तर डबल ड्यूटी पदरात पडते. दिवाळी, गणपती, घरचे लग्न, मुलाची दहावी यांचा बेत आधी ड्यूटीचा तक्ता पाहून आखावा लागतो.

पाळीकामाची झळ घरापर्यंत पोचते. रात्रपाळीहून परतलेला माणूस सकाळी नऊला पडदे ओढून आडवा होतो, आणि नेमका तेव्हाच बाकीच्या घराचा दिवस ऐन भरात असतो. कुकरच्या शिट्ट्या, भाजीवाल्याची हाळी, दारावरची घंटा, शेजारच्या बंगल्याच्या बांधकामाची ठोकठोक. मुलांना दिवसभर ‘हळू बोला, बाबा झोपलेत’ ऐकावे लागते. दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी आणि तुटक असते. त्याला केवळ गोंगाट कारण नाही. मेंदूतील जैविक घड्याळ उजेडावर चालते, पाळीच्या तक्त्यावर नाही. शरीराचे तापमान पहाटे तीन ते पाचच्या सुमारास नीचांकावर असते, तर कॉर्टिसॉल हे संप्रेरक जाग येण्याच्या वेळी शिगेला पोचते. रात्रपाळीवाला या दोन्हींच्या विरुद्ध पोहत असतो. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने फिरल्या तर शरीराला जुळवून घेणे त्यातल्या त्यात सोपे जाते. उलट्या फिरवल्या तर जड जाते. जैविक लय बिघडवणाऱ्या रात्रपाळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये ‘बहुधा कर्ककारक’ या वर्गात घातले.

ताणाचे शरीरशास्त्र प्रथम नीट मांडले ते वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये: धोका दिसताच अॅड्रेनॅलिन स्रवते, हृदय धडधडते, रक्त स्नायूंकडे धावते आणि प्राणी लढायला किंवा पळायला सज्ज होतो. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की थंडी, जखम, विष अशा अगदी वेगवेगळ्या माऱ्यांनाही शरीर बरेचसे एकाच साच्याने उत्तर देते: आधी सावधता, मग प्रतिकार आणि मारा चालूच राहिला तर शेवटी गळाठा. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाची पंचाईत अशी की त्याला लढायचेही नसते आणि पळायचेही नसते. खुर्चीत बसून आकडे पाहत राहायचे असते.

नुसते पाहत राहणे वाटते तितके सोपे नाही. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये घड्याळाच्या काट्याचा एक साधा प्रयोग केला. काटा ठरावीक पावलांनी पुढे सरके, क्वचित दुप्पट उडी घेई, आणि ती उडी टिपायची एवढेच काम. अर्ध्या तासात माणसे उड्या हुकवू लागली. यर्क्स आणि डॉडसन यांनी तर १९०८ मध्येच सुचवले होते की उत्तेजन फार झाले तरी काम बिघडते आणि फार कमी असले तरी बिघडते. पाळीकामगाराला ही दोन्ही टोके एकाच रात्री भेटू शकतात. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. त्याआधीच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म येऊन आदळले होते. एकेक वाचायचा म्हटला तरी वाट्याला अडीच सेकंदही येत नाहीत. पुढे या क्षेत्रात जो मार्गदर्शक निकष रूढ झाला त्यात, नेहमीच्या कामात दहा मिनिटांना सरासरी एकापेक्षा जास्त अलार्म नसावा, असे म्हटले आहे. अशा अपघातानंतर ‘ऑपरेटर घाबरला’ असा शेरा मारणे सोपे असते. पडद्यावर काय आणि किती यावे हे ज्यांनी ठरवले त्यांच्याकडे बोट क्वचितच वळते.

प्रस्तुत लेखकाच्या मते या विषयातील सर्वांत मोलाचा शोध भाराविषयी नसून ताब्याविषयी आहे. ग्लास आणि सिंगर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कर्कश आवाज ऐकवला. काहींना तो बंद करण्याचे बटण दिले, पण शक्यतो दाबू नका असे सांगितले. बटण न दाबताही ही मंडळी नंतरच्या कामात इतरांपेक्षा सरस ठरली. रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये हेच सूत्र नोकरीला लावले: मागणी मोठी आणि निर्णयाची मुभा तोकडी असेल तेथे ताण सर्वांत घातक. लंडनच्या सरकारी नोकरांच्या ‘व्हाइटहॉल’ अभ्यासांतही हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण वरच्या साहेबांपेक्षा खालच्या श्रेणीत जास्त आढळले, आणि कामावरील ताबा हा त्यामागचा एक धागा निघाला. साहेबाला टेन्शन फार, ही समजूत त्याने चांगलीच हलली. तेलउद्योगात शटडाऊनच्या दिवसांत हा फरक उघड दिसतो. तक्ता आखणारा अभियंता, परमिटवर सही करणारा कायम कामगार आणि ठेकेदाराने आणलेला वेल्डर एकाच मनोऱ्याखाली उभे असतात. धूर तिघांच्याही नाकात जातो. ‘आज नको, उद्या करू’ असे म्हणण्याची ताकद तिघांची सारखी नसते.

कुंपणाबाहेरच्या लोकांपाशी तर कोणतेच बटण नसते. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी दुपारी कोयलीच्या कारखान्यात बेंझिनच्या साठवण टाकीचा स्फोट होऊन आग भडकली, ती विझायला दुसरा दिवस उजाडला. दोघांचा मृत्यू झाला. अशा घटनेनंतर झोप उडणे, जरा आवाज झाला की दचकणे, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येत राहणे या प्रतिक्रिया स्वाभाविक असतात आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत ओसरतात. महिना उलटूनही त्या रोजचे जगणे अडवू लागल्या तर उपचारांची गरज असते. दुर्घटनेनंतर माणसाला लगेच सगळे पुन्हा आठवून बोलायला लावू नये. आसरा, खात्रीची माहिती आणि आपली माणसे आधी मिळवून द्यावीत, असे आता मानले जाते. माहितीचा मुद्दा कायद्यातही आहे. भोपाळच्या वायुगळतीनंतर १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातलेल्या प्रकरणाने आणि १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनी, धोका काय आहे व वेळ आल्यास काय करायचे हे शेजारच्या वस्तीला सांगणे बंधनकारक केले. भोंगा वाजला की तो मॉक ड्रिलचा की खरा, हे ज्या घराला ठाऊक असते तिथली धास्ती निराळी असते.

ताणाला माणसे कशी सामोरी जातात याची लाझारस व फोकमन यांची १९८४ ची विभागणी अजून उपयोगी आहे: अडचणीवरच हात घालणे आणि अडचणीने झालेली घालमेल आवरणे. पाळी बदलून घेणे, सुट्टीसाठी युनियनमार्फत भांडणे हे पहिल्यात बसते. दुसऱ्यात पहाटेचा चहा, गप्पा, भजन आणि दुर्दैवाने गालात धरलेला तंबाखूचा मावाही येतो. जागे राहण्यासाठी मावा, मग झोपेसाठी गोळी, असे चक्र सुरू झाले की उपायच नवा भार बनतो.

योगाचा उपाय वडोदऱ्याला परका नाही. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे (१८८३–१९६६), यांचा जन्म जवळच्या डभोईचा. वडोदऱ्यातील जुम्मादादा व्यायाम मंदिरात प्रो. माणिकरावांच्या हाताखाली ते घडले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि आसनांचा रक्तदाबावर होणारा परिणाम मोजण्यासारखे प्रयोग आरंभले. अनुभूतीवर विसंबून न राहता यंत्राने मोजून पाहायचे, हा त्यांचा आग्रह आजच्या अनेक ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’ शिबिरांत हरवलेला दिसतो. संथ श्वसनाने धडधड उतरते हे खरे. पण पाळीत दोन माणसे कमी असतील तर ती उणीव प्राणायामाने भरून निघत नाही, आणि शिबिर भरवणाऱ्याला हे बहुधा ठाऊकही असते.

मदतीसाठी ‘टेलि-मानस’ ही केंद्र सरकारची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते. रात्रपाळीवाल्याच्या दृष्टीने त्यातले ‘चोवीस तास’ महत्त्वाचे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम गृहीत धरतो आणि तिची काळजी व उपचार शासनाचे कर्तव्य ठरवतो.

कारखाने अधिनियमात १९८७ मध्ये आणखी एक कलम आले होते, ४१-ह: जीवितास तात्काळ धोका आहे असे रास्तपणे वाटल्यास ते व्यवस्थापनाच्या नजरेस आणण्याचा कामगाराचा हक्क. ताणाच्या पाठ्यपुस्तकांत त्याचा उल्लेख सापडत नाही, पण बटण म्हणतात ते हेच. मात्र ज्याचा गेटपास उद्या नूतन होईल की नाही हे ठेकेदाराच्या मर्जीवर असते, त्याला ते दाबायला कायम कामगारापेक्षा फार मोठी छाती लागते.